आधी चुना, मग मीठ

शाळेच्या पुस्तकात मिश्रणातले घटक वेगळे करण्याचा पाठ असतो. चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, वर जाणारी वाफ आणि तळाशी उरलेलं मीठ, असं चित्रही असतं. तळवलीच्या मुलांना हा पाठ शिकवताना मी त्या चित्रापाशी फार थांबत नसे. आमच्या गावाच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे आणि त्या खाडीच्या काठाने पिढ्यानपिढ्या मिठागरं चालली. माझा आजा मिठागरावरचाच आगरी माणूस. दिवाळी झाली की बांधबंदिस्तीला जायचा, तो पावसाच्या तोंडावर मोकळा व्हायचा.

पुस्तकातल्या चित्रात एक गोष्ट राहून जाते. खाडीचं पाणी भांड्यात घेऊन सगळं आटवलं, तर तळाशी निव्वळ मीठ उरत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त. बाकीचे मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे, थोडे पोटॅशियमचे क्षार. सरसकट आटवलं तर हाती येतो तो कडवट, कायम ओलसर राहणारा चोथा. पाणी आटवायचं काम ऊन आणि वारा करतातच. ते कधी पुढे सोडायचं, कधी अडवायचं आणि कधी फेकून द्यायचं, ही आगऱ्याची विद्या.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, मोठ्या तळ्यात घ्यायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. मग ते उथळ कप्प्यांतून टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचं. शेवटच्या कप्प्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर पाणी जिरतं आणि मिठात माती येते. पाणी किती दाट झालं हे मोजायला बोमे अंश वापरतात. आन्त्वान बोमे या फ्रेंच औषधविक्रेत्याने 1768 मध्ये ती मापपट्टी काढली. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं असतं. ते दाट होत जातं तसा आधी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तळाला बसतो. तेरा अंशांच्या पुढेमागे जिप्सम पडायला लागतं. मिठाची पाळी येते पंचवीस अंशांच्या सुमाराला, आणि तोवर मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. एकोणतीस-तीस अंशांच्या आत उरलेलं पाणी काढून टाकावं लागतं, कारण पुढे मॅग्नेशियमची भर वाढत जाते.

आज्याकडे मापपट्टी नव्हती. पाण्यावर चढणारी लालसर झाक, दोन बोटांमध्ये जाणवणारा चिकटपणा आणि पायाला लागणारी ऊब यांवर तो सांगायचा. ती लाली उगाच येत नाही. इतक्या खाऱ्या पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव आणि शेवाळ तिथे वाढतात, म्हणजे रंग पाहून तो खारटपणाच मोजत होता. मी याला अंदाज म्हणत नाही, हे मापन आहे.

वारा पडलेल्या दुपारी मीठ धरताना बघावं. दुधावर साय यावी तसे पाण्यावर बारीक पापुद्रे येतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक पापुद्रा चौकोनी आणि मधोमध खोलगट असतो. कडांना नवे थर चिकटत जातात, मधला भाग मागे राहतो आणि उलट्या पिरॅमिडसारखा तो पोकळ खडा वजनाने हळूच बुडतो. वारा सुटला की हे पापुद्रे मोठे व्हायच्या आधीच फुटून तळाला जातात. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ बांधावर ओढायचं. साखरेचा दाट पाक गार केला की खडीसाखर धरते, पण मिठाचं असं जमत नाही. 100 ग्रॅम पाण्यात 25 अंश सेल्सियसला 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यातही 39 च्याच आसपास. त्याला पाण्यातून काढायचं तर पाणीच उडवावं लागतं.

मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडू पाण्याचाही मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये माँपेलिएजवळच्या मिठागरांच्या अशाच पाण्यातून आन्त्वान बालार या तरुणाने 1826 मध्ये ब्रोमीन हे मूलद्रव्य शोधलं. आमच्याकडे ते पाणी पुन्हा खाडीत जायचं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड मिठासोबत राहून गेलं की ते हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं.

एवढं सगळं निसर्गाने आणि मजुराने करायचं आणि कर मात्र सरकारने घ्यायचा. 1888 मध्ये मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मग 1890 चा मुंबईचा मीठ कायदा आला. खडकाच्या खळग्यात उन्हाने आपोआप धरलेलं मीठ उचलणंसुद्धा गुन्हा ठरलं. 1930 च्या मे-जूनमध्ये मीठ कायदा मोडायला वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक गेले, तिकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला, आणि शेजारच्या घणसोलीला आजही स्वातंत्र्यसैनिकांचं गाव म्हणतात. मुलांना मी हे रसायनशास्त्राच्या तासालाच सांगत असे. पाण्याची वाफ होणं हा भौतिक बदल, आणि एका साम्राज्याने त्यावर पहारा बसवला होता.

साठच्या दशकात गावाच्या दुसऱ्या अंगाला कारखाने आले. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, नोसिल आलं, स्टँडर्ड अल्कली आलं. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात लोक रस्त्यावर उतरले, आणि गोळीबारात पाच जण गेले. भात आणि मीठ पिकवणारा माणूस पाळीच्या भोंग्यावर आला.

अल्कलीच्या कारखान्यात मिठाचं जे होतं ते मिठागरात कधीच होत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन तयार होतात. त्यांतलं काहीही जिभेला लावण्याजोगं नाही, आणि पाणी आटवून मीठ परत मिळत नाही. हा रासायनिक बदल. मात्र वीज सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढावंच लागतं, नाहीतर विद्युत घट बिघडतात. त्यासाठी सोडा ॲश आणि कॉस्टिक घालून दोन्हींचा साका खाली बसवतात.

माझा काका अशाच एका कारखान्यात या साक्याच्या टाकीवर होता. लहानपणी त्याने आज्याबरोबर फळी ओढलेली. ट्रकमधून आलेलं मीठ तो मुठीत दाबून बघायचा, तळहात ओला झाला की सांगायचा, यांनी कडू पाणी उशिरा सोडलंय, आज साका जास्त बसणार. संध्याकाळी टाकी उपसताना नव्या शिकाऊ पोरांना त्यातला पांढरा गाळ दाखवून तो समजावायचा, की यातला चुना मिठागरावर पहिल्या कप्प्यांतच मागे ठेवायचा असतो आणि बाकीचं शेवटच्या पाण्याबरोबर जाऊ द्यायचं असतं.