जमिनीवरचे चौकोन

विजापूरला मी पहिल्यांदा गेले ती सातवीच्या सहलीत, सोलापूरहून. गोलघुमट, तिथं मारलेल्या आरोळ्या, मलिक-ए-मैदान तोफ, डब्यातल्या दशम्या, आणि परत. जामा मशीद गाडीतून दाखवली, तीही उजव्या खिडकीतल्यांना. मी डावीकडे होते.

आत जायला मग थेट निवृत्तीच उजाडली. शुक्रवारी गर्दी म्हणून गुरुवार निवडला. चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि एवढ्यावर आपल्याला सोडतील का, या धाकधुकीत पायरीवर थांबले. तिथल्या चाचांनी नुसती मान हलवली, या म्हणून.

चुन्याच्या सफेत कमानी एकीमागे एक लागतात. दर्शनी नऊ, खोलीत पाच. मधल्या नऊ खणांचे खांब गाळून वर एकच मोठा घुमट घेतलाय. त्याचं ओझं एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर आहे. मान वर केली की त्यांची चांदणी दिसते. हीच युक्ती पुढं गोलघुमटात कितीतरी मोठ्या मापात वापरली. म्हणजे सहलीत आम्ही उत्तर पाहून आलो, गणित राहिलंच.

1565 साली तालिकोटला विजयनगर बुडालं. त्या लुटीच्या पैशातून पहिल्या अली आदिलशहानं ही मशीद काढली, असं परंपरेनं सांगतात. 1580 मध्ये त्याचा खून झाला. पूर्वेकडचे दोन मिनार आजही नाहीत. हंपीचे भंगलेले दगड मी पाहिलेत, त्यामुळे इथल्या देखणेपणाला मनातल्या मनात एक तळटीप लागतेच. पण ती लावूनही मशीद देखणी ती देखणीच.

चाचांनी मेहराबीवरचा पडदा सारला. सोनं, निळा, लाल. भिंतीवर रंगवलेले खोटे कोनाडे, त्यांत फुलदाण्या, मिनार, ग्रंथ. काम 1636 चं, मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं, मलिक याकूत दाबुलीनं करवून घेतलेलं. दाबुली म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा असणार. त्याच 1636 मध्ये माहुलीच्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. त्यांनी हे ओलं सोनं पाहिलं असेल का, हा प्रश्न इतिहासाच्या बाईला न शोभणारा. पण तिथं उभं राहिल्यावर मला तोच पडला.

माझं लक्ष मात्र सारखं खाली जात होतं. घोटीव जमिनीवर काळ्या रेघांनी आखलेले लांबट चौकोन. एकेक माणूस उभा राहील, वाकेल, कपाळ टेकवील, एवढेच. असे सव्वादोन हजारांच्या आसपास. ही आखणी औरंगजेबाची. 1686 च्या सप्टेंबरात त्यानं विजापूर घेतलं, सिकंदर आदिलशहा शरण आला. इथले मखमली गालिचे औरंगजेबानं नेले आणि त्यांच्या जागी या रेघा मारल्या, अशी कथा आहे. पूर्वेचा दरवाजाही त्याचाच. आमच्या वर्गात औरंगजेबाचं नाव निघालं की पोरं दात-ओठ खायची, आणि मीही त्यांना फारसं अडवलं नाही. तरी एक कबूल करते. घुमट बघायला माझ्यासारखे प्रवासी येतात; रोज उपयोगी पडतात त्या रेघा.

मी चौकोन चुकवत, दोन रेघांमधून पाय टाकत चालले होते, ठिक्कर खेळल्यासारखी. चाचा हसले. "रखो पांव, अम्मा. कुच नै होता."

"नमाजाची जागा ना ही?"

"नमाजी आए तो उसकी. अब्बी खालीच है."

मग एका चौकोनात उभी राहिले. फरशी गार होती.

दुपारची अजान झाली तशी मी बाहेर येऊन हौदापाशी बसले. बाजारातली माणसं हातपाय धुऊन आत जात होती. एकाच्या शर्टाला हळदीची पूड लागलेली. तीस-चाळीस जण असतील. पुढचीच ओळ भरली, बाकीचे चौकोन रिकामे. चाचांना म्हटलं, एवढे आखून ठेवलेत, भरतात का कधी?

"ईद को आव," ते म्हणाले. "तुमे बैठे ना, वां तक चटायां बिछाते."

मी उठून पिशवी उचलली. पाचची गाडी होती.