चेंडूचें पृष्ठफळ

इंटिग्रल कॅल्क्युलस, म्हणजे संकलन, कॉलेजच्या विद्यार्थ्यापुढें प्रथम येतें तें एका लांबट, वळणदार चिन्हाच्या रूपानें. सूत्रें पाठ होतात, उदाहरणें सुटतात; पण गोलाचें पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या बरोबर चौपट कां, असें विचारलें कीं पुष्कळ जण गप्प बसतात. भास्कराचार्य मात्र गप्प बसले नाहींत. इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायांत आणि त्यावरील स्वतःच्याच वासनाभाष्यांत त्यांनीं हा प्रश्न सोडविला आहे.

निमित्त झालें लल्लाचार्यांच्या चुकीचें. लल्लांनीं वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघानें गुणून गोलाचें पृष्ठफळ सांगितलें होतें. भास्कराचार्यांच्या मतें पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें. तेव्हां चारांनीं गुणावयाचें तेथें ४९६७ नें गुणलें तर पृथ्वीची पाठ हजारपटींहून अधिक फुगते! पूर्वाचार्यांचें मत नुसत्या शब्दानें खोडणें बरें नव्हे. भास्कराचार्यांनीं कापडाचा दाखला दिला. चेंडूच्या परिघाच्या निम्म्याइतका व्यास असलेलें वाटोळें कापड घेऊन अर्धा चेंडू झांकावा. चुण्या पडून कापड उरतें. त्या कापडाचें क्षेत्रफळ मधल्या वर्तुळाच्या सुमारें अडीचपट. म्हणजे अर्ध्या चेंडूची पाठ त्याहून कमीच.

पण 'कमी' म्हणजे किती? ९६ हात परिघाचा गोल कल्पावा आणि आंवळ्यावर असतात तशा उभ्या रेषांनीं त्याच्या ९६ फांकी कराव्या. प्रत्येक फांक मध्यावर एक हात रुंद. टोंकापासून मध्यापर्यंत तिचे एकेक हाताचे २४ तुकडे पाडले कीं त्यांच्या कडांची रुंदी ज्यांच्या प्रमाणांत येते. आणि २४ ज्यांचें कोष्टक ज्योतिष्यांजवळ तयारच होतें. दोन्ही कडांची सरासरी घेऊन तुकड्यांची बेरीज केली व ती दुप्पट केली, तर फांकेचें क्षेत्रफळ सुमारें साडेतीस भरतें. व्यासही तितकाच! मग सगळ्या फांकी मिळून व्यास गुणिले परिघ, म्हणजेच वर्तुळाची चौपट. घनफळासाठीं त्यांनीं केंद्रांत टोंक असलेल्या सूच्या कल्पिल्या.

हेंच फल आर्किमिडीजनें इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांत निराळ्या वाटेनें काढलें होतें. शिवाय तुकडे अनंत करण्याची पुढची पायरी भास्कराचार्यांनीं चढलेली नाहीं. संकलन आणि विकलन हे परस्परांचे उलट व्यवहार होत, हें सर्वसामान्य रीतीनें मांडण्याचें श्रेय सतराव्या शतकांतील न्यूटन व लाइब्निट्स यांचें. तरी विद्यार्थ्यास आधीं आंवळा दाखवावा, चिन्ह मागाहून.

चाळीसगांवाजवळील पाटण येथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे.