बॅरिस्टरीची सनद आणि कामगाराची बाजू



चाळीत कोणी फार वाद घालू लागला की, "मोठा बॅरिस्टर लागून गेलास!" असे त्याला सुनावले जाते. या एका बोलण्यात शंभर वर्षांचा इतिहास साठला आहे. बॅरिस्टर म्हणजे विलायतेस जाऊन आलेला, आणि जाऊन आलेला तो शहाणा, अशी आपली समजूत. ही विलायतेची सनद मिळत कशी होती आणि मिळविणाऱ्यांनी तिचे केले काय, याचा थोडा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

लंडनमध्ये लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन अशा चार जुन्या संस्था आहेत. बॅरिस्टर करणे न करणे यांच्याच हाती. हिंदी लोकांत पहिले बॅरिस्टर ज्ञानेंद्रमोहन टागोर. ते १८६२ मध्ये झाले. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये व फिरोजशहा मेहता १८६८ मध्ये झाले. उमेदवाराने परीक्षा द्यावयाची आणि बारा 'टर्म्स' भरावयाच्या; वर्षाला चार, म्हणजे तीन वर्षे. टर्म भरणे म्हणजे काय, तर संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणे! गांधीजींच्या वेळी दर टर्मला निदान सहा जेवणे लागत. चौघांमागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पीत नसल्यामुळे ते आपल्या मेजावर यावेत म्हणून सोबत्यांची ओढाताण चाले.

हे ऐकून हसू येते. परंतु या प्रथेचा मूळ हेतू वाईट नव्हता. तरुणाने अनुभवी वकिलांच्या पंक्तीला बसावे, त्यांचे बोलणे ऐकावे, रीतभात उचलावी, हा तो हेतू. पुढे शिकणे आटले आणि जेवण तेवढे उरले. परीक्षा फारशी अवघड नव्हती, बहुतेक उमेदवार उत्तीर्ण होत, हे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. मग अडसर कशाचा? बोटीच्या भाड्याचा, संस्थेच्या फीचा, तीन वर्षांच्या राहण्याखाण्याचा. ज्याच्या घरी पैसा त्याला दार उघडे.

आणि स्त्रियांना तर पैसा असूनही ते बंदच होते. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांवरील बंदी उठविणारा कायदा १९१९ मध्ये झाला, आणि त्या बॅरिस्टर झाल्या १९२३ मध्ये. एकतीस वर्षे गेली!

गांधीजी १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला बोटीत बसले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तो तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून ते निघून गेले. पुढे १८९४ मध्ये नाताळमध्ये बालसुंदरम् नावाचा एक गिरमिटिया मजूर, मालकाच्या माराने दात पडलेला, रक्ताळलेल्या तोंडाने त्यांच्याकडे आला. गांधीजींनी आधी डॉक्टरचा दाखला घेतला, मग मॅजिस्ट्रेटपुढे नेले. मालकाला शिक्षा व्हावी यापेक्षा मजूर त्याच्या तावडीतून सुटावा, असे त्यांनी ठरविले व त्याचे गिरमिट दुसऱ्याच्या नावे करवून दिले. संघटनेचे काम करणाऱ्याला यातील शहाणपण चटकन कळेल.

डॉ. आंबेडकरांची वाट याहून खडतर. १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्ये अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले. सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत व स्नेही नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पण मुंबईत बॅरिस्टराला काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर येईनात. सनदेने जात पुसली नाही.

योगायोग असा की, ज्या १९२२ साली ग्रेज इनने आंबेडकरांना आत घेतले, त्याच साली इनर टेंपलने राजद्रोहाच्या शिक्षेवरून गांधीजींचे नाव काढून टाकले. ते परत घातले १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. मधल्या काळात कोणाच्या लेखी गांधीजी उणे झाले?

१९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे बिल आले. कित्येक संप बेकायदा ठरवून संपकऱ्याला शिक्षा करणारे ते बिल होते. आंबेडकर उभे राहिले. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब होईल, तो गुन्हा नव्हे. माणसाला मनाविरुद्ध राबविणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हा त्यांचा मुद्दा. बिल मंजूर झाले, पण ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला आणि त्यात आंबेडकर पुढे होते. ग्रेज इनमध्ये शिकलेला कायदा गिरणगावाच्या कामी आला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराच्या वतीने न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची मुभा दिली. त्या मुभेवर आम्ही, कॉलेजची पायरी न चढलेली माणसे, वर्षानुवर्षे बोललो. प्रथम आमचीही बोबडी वळली होती. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, चौकशीचे कागद वाचता वाचता जीभ सुटली. म्हणून तरुणांना सांगणे एवढेच : कायदा शिका, साधले तर परदेशी जाऊनही शिका. मात्र परत आल्यावर दाराशी रक्ताळलेल्या तोंडाने कोणी उभा राहिला, तर त्याला आधी आत घ्या. खरी परीक्षा तेथे असते.