उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ : निवडणुकांचा इतिहास

उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ : महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी ४० व्या क्रमांकाचा मतदारसंघ. त्यात धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद व परांडा, लातूर जिल्ह्यातील औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, तरी २०२४ ची निवडणूक उस्मानाबाद याच नावाने झाली.

बार्शी–सोलापूर रस्त्यावरचे वैराग ही बार्शी तालुक्यातील मोठी बाजारपेठ. येथील मतदाराचा जिल्हाधिकारी सोलापुरात बसतो आणि खासदार मात्र धाराशिवकडचा असतो. मराठवाड्याच्या मतदारसंघात पश्चिम महाराष्ट्राचा हा एक तालुका आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत असे होणे शक्यच नव्हते. १९५२ साली उस्मानाबाद हैदराबाद राज्यात होते, तर वैराग-बार्शी मुंबई राज्यात; मध्ये राज्याची हद्द होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ती हद्द पुसली गेली.

काँग्रेसचा काळ (१९५२–९६) : राघवेंद्र श्रीनिवासराव दिवाण हे १९५२ चे पहिले खासदार. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जेरीस आणले. उस्मानाबादेत मात्र काँग्रेसचेच व्यंकटराव नळदुर्गकर निवडून आले. त्यानंतर तुळशीराम पाटील यांनी १९६२, १९६७ आणि १९७१ अशा सलग तीन निवडणुका जिंकल्या.

१९७७ पासून मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्या वर्षी आणीबाणीविरोधी लाटेने देशभर काँग्रेसची पडझड झाली, तरी येथे तुकाराम शृंगारे काँग्रेसकडूनच विजयी झाले. १९८० मध्ये टी. एन. सावंत, आणि १९८४, १९८९ व १९९१ मध्ये अरविंद कांबळे. काँग्रेसने पहिल्या दहाही निवडणुका जिंकल्या. इतका पक्का गड मराठवाड्यातही विरळाच.

अदलाबदलीचा काळ (१९९६–२००९) : गडाला पहिले भगदाड १९९६ मध्ये पडले. शिवसेनेचे शिवाजी कांबळे खासदार झाले. १९९८ च्या मध्यावधी निवडणुकीत अरविंद कांबळे परतले आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, शिवाजी कांबळे यांनी जागा पुन्हा खेचून घेतली. शरद पवार काँग्रेसबाहेर पडून राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली ती याच वर्षी; जिल्ह्यातील मातब्बर नेते पद्मसिंह पाटील पवारांबरोबर गेले.

२००४ मध्ये शिवसेनेच्या कल्पना नरहिरे यांनी राष्ट्रवादीच्या लक्ष्मण ढोबळे यांना अवघ्या १,६४९ मतांनी हरवले. या मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या त्या एकमेव महिला.

भाऊबंदकीचे राजकारण (२००९ नंतर) : २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ खुला झाला आणि तेरच्या पाटील घराण्याला दिल्लीची वाट मोकळी झाली. १९७८ पासून उस्मानाबादचे आमदार आणि पुढे राज्यात मंत्री राहिलेले पद्मसिंह पाटील २००९ मध्ये लोकसभेला उभे राहिले. त्यांनी शिवसेनेचे रवींद्र गायकवाड यांचा ६,७८७ मतांनी निसटता पराभव केला.

या घराण्यातली फूट त्याआधीच उघड झाली होती. चुलतभाऊ पवनराजे निंबाळकर यांनी २००४ च्या विधानसभा निवडणुकीत पद्मसिंहांनाच आव्हान दिले होते. जून २००६ मध्ये पवनराजे यांची हत्या झाली. त्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने जून २००९ मध्ये, म्हणजे लोकसभेचा निकाल लागल्यावर महिन्याच्या आत, पद्मसिंहांना अटक केली. त्यांनी आरोप नाकारले; पुढे त्यांना जामीन मिळाला.

लढत मग पुढच्या पिढीत गेली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पवनराजेंचे पुत्र ओमराजे यांनी पद्मसिंहांचे पुत्र राणाजगजितसिंह यांना हरवले. २०१४ मध्ये राणाजगजितसिंहांनी परतफेड केली. लोकसभेत २०१४ च्या मोदी लाटेत गायकवाड यांनी पद्मसिंहांना २,३४,३२५ मतांनी धूळ चारली. मात्र मार्च २०१७ मध्ये एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याच्या प्रकरणाने गायकवाड देशभर गाजले, विमान कंपन्यांनी त्यांच्यावर काही काळ प्रवासबंदी घातली आणि २०१९ मध्ये शिवसेनेने त्यांच्याऐवजी ओमराजेंना उमेदवारी दिली. समोर राणाजगजितसिंहच होते. ओमराजेंना ५,९६,६४० आणि राणाजगजितसिंहांना ४,६९,०७४ मते पडली. वंचित बहुजन आघाडीने ९८ हजारांहून अधिक मते घेतली.

त्याच वर्षी राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले आणि तुळजापूरचे आमदार झाले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ओमराजे उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. २०२४ मध्ये महायुतीत जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला सुटली. भाजप आमदार राणाजगजितसिंह यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी राष्ट्रवादीचे घड्याळ हाती बांधले. अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा या पद्मसिंहांच्या भगिनी असल्याने हा पक्षबदलही नात्यातलाच ठरला. मतदाराचा फोन स्वतः उचलणारा खासदार, ही ओमराजेंची ख्याती प्रचारात चांगलीच चालली. ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर त्यांनी ३,२९,८४६ मतांचे मताधिक्य मिळवले आणि सहाही विधानसभा मतदारसंघांत आघाडी घेतली. १९९६ पासून २०१९ पर्यंतच्या सातही निवडणुकांत येथे विद्यमान खासदार परत निवडून आला नव्हता. अरविंद कांबळे यांच्यानंतर सलग दोनदा जिंकणारे ओमराजे पहिले.

बार्शी-वैरागचे गणित : या तालुक्यात लोकसभेच्या लढतीला दिलीप सोपल आणि राजेंद्र राऊत या दोन गटांची किनार असते. येथे पक्षाआधी गट विचारला जातो. २०१४ मध्ये राष्ट्रवादीचे आमदार असलेले सोपल २०१९ मध्ये शिवसेनेकडून लढले आणि अपक्ष राऊत यांच्याकडून हरले. २०२४ मध्ये सोपल ठाकरे यांच्या, तर राऊत एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले. मशाल आणि धनुष्यबाण अशा या सामन्यात सोपल जिंकले. वैरागला नगरपंचायत झाल्यावर २०२१-२२ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली, त्यामुळे गटांच्या मोजमापाला आणखी एक मैदान मिळाले.

लोकसभेतील सहाही ठिकाणची आघाडी नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत टिकली नाही. उस्मानाबाद, उमरगा व बार्शी ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेले. तुळजापूर व औसा भाजपने, तर परांडा शिंदे यांच्या शिवसेनेने राखला.