ब्रूसचा डोळा

गेले चार शनिवार-रविवार मी एक शार्क बनवतोय. घाबरू नका, व्हायनिलचा आहे. ऑफिसातला एक मित्र ऑनसाइट संपवून ओसाकाहून परतला, तेव्हा टीमसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी हे खोकं घेऊन आला. आत पोकळ, करड्या व्हायनिलचे सहा तुकडे: धड, खालचा जबडा, शेपटी, पाठीवरचा पर आणि छातीचे दोन पर. जोडल्यावर लांबी ४५ सेंटिमीटर. सूचनापत्रक संपूर्ण जपानीत, त्यामुळे ते न वाचल्याची बोचणीही नाही. :-)

तोवर शार्कशी माझी ओळख दोनच प्रकारची. एक, मालवणला मावशीकडे ताटात आलेली मुशी. (मुशी म्हणजे शार्कच बरं का, लहान चणीचा.) आणि दुसरी अर्थातच 'जॉज'. खोक्यावरचं चित्रही त्याच वळणाचं होतं. वासलेला जबडा, खाली काळोख. सगळं जोडून, रंगवून झालं आणि काल फक्त डोळा उरला. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती एखाद्या मुरलेल्या हाताकडेच जाते. इथे सगळा कारखाना मीच. ब्रशवर काळा रंग घेतला आणि सहज म्हणून खऱ्या ग्रेट व्हाइट शार्कचे जवळून काढलेले फोटो उघडले. डोळा काळा नव्हता. गडद निळा होता.

मग ब्रश धुऊन ठेवला आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. कारण प्रश्न असा पडला, की चार आठवडे मी नक्की कोणाचं मॉडेल बनवतोय? माशाचं, की दुसऱ्या एका मॉडेलचं?

आधी या किटबद्दल थोडं. लहानपणी विमानांची किट्स जोडणाऱ्यांना पॉलिस्टायरिन माहीत असेल. त्याला पोलादी साचे लागतात, ते प्रचंड महाग, म्हणजे हजारोंनी विकलं जाईल तेच बनणार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या हौशी मंडळींनी यातून वाट काढली. आपल्या आवडीचे राक्षस आणि पात्रं घरीच घडवायची आणि सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओतून त्यांच्या थोड्याच प्रती काढायच्या. म्हणून नाव पडले गराज किट. यात ओसाका आघाडीवर. तिथलं कायोडो हे १९६४ साली सुरू झालेलं छोटंसं मॉडेलचं दुकान पुढे याच किट्समुळे मोठं झालं. १९८५पासून तर 'वंडर फेस्टिव्हल' नावाची या लोकांची जत्राच भरू लागली.

रबराचा साचा काही डझन प्रतींनंतर फाटतो. जास्त प्रती हव्या असतील तर व्हायनिल. मेणाच्या मूळ मूर्तीवर विजेच्या मदतीने धातूचा थर चढवून साचा बनवतात. त्यात पातळ व्हायनिल ओतून तो तापवतात. कडेचा थर घट्ट झाला की उरलेलं ओतून टाकतात आणि गरम असतानाच पकडीने तुकडा बाहेर खेचतात. म्हणून किट पोकळ असतं, आणि म्हणूनच खोक्यात पर वाकडे झालेले असतात. त्यावर उपाय सोपा. उकळत्या पाण्यात बुडवा, सरळ करा, गार पाण्यात धरा. एरवी हट्टी वाटणारा पर मऊ भाकरीसारखा वळतो.

पहिला वीकेंड यातच गेला. भांडी घासायच्या लिक्विडने तुकडे धुतले (साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही), हेअर ड्रायरने गरम करून कटरने जादा कडा कापल्या. दुसऱ्या वीकेंडला फेव्हिक्विकने जोडकाम. फटींत एम-सील, वर पॉलिश पेपर. पोटात वजनासाठी थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस. आणि तिथेच एक घोळ केला. घरात इनॅमल पेंटचा डबा होता, तो पोटाला लावला. पुढच्या शनिवारी बघतो तर पोट अजून चिकट! व्हायनिल मऊ ठेवणारं जे रसायन त्यात असतं ते इनॅमलला वाळूच देत नाही. आईचं शांतपणे, "अरे, पंख्याखाली ठेव की." पंख्याखाली वर्षभर ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. शेवटी टर्पेंटाइनने सगळं पुसलं आणि अ‍ॅक्रिलिक आणले. रंग आणि पृष्ठभाग यांचं जमतं का हे आधी एका कोपऱ्यात लावून बघावं, एवढी साधी टेस्टिंग मी केली नाही. कामधंदा काय, तर सॉफ्टवेअर.

पण हाच घोळ माझ्याआधी फार मोठ्या लोकांनी, फार मोठ्या पैशांत केलेला आहे.

पीटर बेंचलीची 'जॉज' ही कादंबरी १९७४च्या फेब्रुवारीत आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २७ वर्षांचा. (माझं वय मी सांगत नाही, पण तुलना करून त्रास झाला.) शार्कचं डिझाइन जो अ‍ॅल्व्हज या कलादिग्दर्शकाचं. ते प्रत्यक्षात उतरवायला निवृत्त झालेल्या बॉब मॅटी यांना बोलावलं. डिस्नेच्या १९५४ सालच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मधला राक्षसी स्क्विड त्यांचाच. कॅलिफोर्नियातल्या सन व्हॅलीत तीन यांत्रिक शार्क तयार झाले, प्रत्येकी २५ फुटी. एक पूर्ण आणि दोन अर्धे. अर्ध्यांची एक बाजू उघडी, आत नळ्या आणि सांगाडा, आणि हवेच्या दाबावर सगळी हालचाल. स्पीलबर्गच्या वकिलाचं नाव ब्रूस, म्हणून शार्कचंही नाव ब्रूस पडलं.

आता यातला बग बघा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ब्रूसची चाचणीच झाली नव्हती. थेट प्रॉडक्शनमध्ये! एक ब्रूस बुडाला. खाऱ्या पाण्याने यंत्रणा गंजली, कातडी पाणी पिऊन फुगली. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवस चाललं आणि ४० लाख डॉलर्सचं बजेट ९० लाखांच्या आसपास गेलं. शार्क चालत नाही म्हटल्यावर स्पीलबर्गने तो दाखवायचाच टाळला. पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं, पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. दोन तासांच्या सिनेमात शार्क नीट दिसतो तो सव्वा तास उलटून गेल्यावर. २० जून १९७५ला सिनेमा लागला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये 'अडचणीतून संधी' म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती मॉडेल बनवणाऱ्यालाच चटकन कळेल अशी आहे. स्केल.

खरा ग्रेट व्हाइट फार तर सहा मीटरचा, म्हणजे २० फुटांचा होतो, आणि तोही विरळा. चार-साडेचार मीटरचा शार्क म्हणजे चांगला वाढलेला. ब्रूस साडेसात मीटरचा. सिनेमाला खऱ्या शार्कचीही दृश्यं हवी होती. ती रॉन आणि व्हॅलरी टेलर या ऑस्ट्रेलियन जोडप्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात चित्रित केली. पण खरा शार्क ब्रूसपुढे लहान दिसणार, मग काय करायचं? लहान मापाचा पिंजरा बनवला आणि त्यात पाच फुटांहून कमी उंचीचा स्टंटमन उतरवला. माणूस लहान केला की मासा आपोआप मोठा होतो.

माझ्या टेबलावरच्या शार्कचंही तेच. ४५ सेंटिमीटरचा हा तुकडा ब्रूस मानला तर स्केल १:१७, आणि शेजारी माणूस ठेवायचा तर १० सेंटिमीटरचा. साडेचार मीटरचा खरा मासा मानला तर स्केल १:१०, आणि माणूस १७ सेंटिमीटरचा. व्हायनिल तेच, मासा तोच. भीती किती वाटावी हे शेजारच्या माणसाच्या उंचीवर ठरतं.

गंमत म्हणजे टेलर दांपत्याच्या शूटिंगमध्ये एक खरा शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि सुटायला धडपडू लागला. पिंजरा तेव्हा रिकामा होता. तो सीन इतका जबरदस्त निघाला, की तो वापरता यावा म्हणून पटकथा बदलली आणि मरायचं ठरलेलं हूपरचं पात्र जगलं. आपण पडद्यावर बघतो तो शार्कचा थयथयाट म्हणजे सुटायची धडपड आहे. हे वाचल्यावर तो सीन मी परत बघितला. आता तो वेगळाच दिसतो.

आणि याची किंमत? 'जॉज'नंतर अमेरिकेत शार्क मारायच्या स्पर्धांना ऊत आला. सगळा दोष सिनेमावर टाकणं बरोबर नाही. मोठ्या प्रमाणावरची मासेमारी आणि जाळ्यांत चुकून अडकणं ही कारणं मोठी आहेत. पण मरणाऱ्याबद्दल कोणाला वाईट वाटू नये, ही सोय सिनेमाने करून ठेवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९६१च्या तुलनेत १९७० आणि ८०च्या दशकांत वायव्य अटलांटिकमधले ग्रेट व्हाइट ६३ ते ७३ टक्क्यांनी घटले. नर वयात यायला साधारण २६ वर्षं लागतात आणि मादीला ३३. (आमच्या पिढीसारखंच, सगळं उशिरा.) त्यामुळे भर हळूहळूच पडते. दक्षिण आफ्रिकेने १९९१ साली या माशाला संरक्षण दिलं, अमेरिकेने १९९७ साली अटलांटिकमध्ये त्याच्या शिकारीवर बंदी घातली. पीटर बेंचली स्वतः उरलेलं आयुष्य, २००६ साली वारेपर्यंत, शार्क वाचवा म्हणून सांगत फिरले. आज जे माहीत आहे ते तेव्हा असतं तर ती कादंबरी लिहिलीच नसती, असं ते म्हणत. २०२२ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात स्पीलबर्गनेही खेद व्यक्त केला.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख शार्कची जाहिरात होईल. बंदीचा उपयोग झाला. सीलनाही १९७२च्या कायद्याने संरक्षण मिळालं होतं, ते वाढले आणि त्यांच्या मागे ग्रेट व्हाइट केप कॉडला परत आले. म्हणजे 'जॉज'च्या बेटापासून जवळच. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे वेलफ्लीटच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. मॅसॅच्युसेट्समधला १९३६ नंतरचा हा पहिला मृत्यू. तेव्हा खरा मासा निरुपद्रवी आहे असं माझं म्हणणं नाही. ८२ वर्षांत एक, हे त्याचं स्केल आहे. आणि ज्याचं माणूस गेलं त्याला स्केल सांगायचं नसतं, हेही खरं.

ब्रूसचं पुढे काय झालं? शूटिंगचे तिन्ही ब्रूस कुजून गेले. सिनेमा गाजल्यावर त्याच साच्यातून फायबरग्लासचा चौथा ब्रूस काढला होता, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढावेत म्हणून. १९९०च्या सुमारास त्याची रवानगी भंगारात झाली. गाव कुठलं, तर सन व्हॅली! जिथे मूळ ब्रूस जन्मले तिथेच. २०१०मध्ये त्याची ओळख पटली, २०१६मध्ये मालकाने तो ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहालयाला दिला, आणि मेकअप आर्टिस्ट ग्रेग निकोटेरोने तो दात-बीत बसवून, रंगवून पुन्हा उभा केला. २०२१च्या सप्टेंबरमध्ये उघडलेल्या लॉस एंजेलिसच्या त्या संग्रहालयात तो छताला टांगलाय. वजन १२०८ पौंड. त्याचे फोटो बघताना आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मॉडेलवाल्याला दुसऱ्याचं रिस्टोरेशन बघून आनंद होणारच. फक्त, फायबरग्लासच्या माशाला जेवढं निगुतीने जपलं, तेवढं खऱ्याला जपायचं सुचायला वीसेक वर्षं लागली.

असो. रंगाचं एक राहिलं. शार्कची पाठ गडद आणि पोट पांढरं का, याचं उत्तर अ‍ॅबट थायर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली मांडलं. उजेड वरून येतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची सावलीत दिसते. त्यावरून तिचा गोलवा कळतो. पाठ गडद आणि पोट फिकं असलं की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि प्राणी सपाट होऊन पाण्यात मिसळतो. मी मात्र तिसरा अख्खा वीकेंड पाठीवर उजळ आणि पोटाखाली गडद हात मारत होतो, शार्क 'उठून दिसावा' म्हणून. माशाच्या कातडीचं जे काम, त्याच्या बरोबर उलट.

आज सकाळी पाठ पुन्हा एकसारखी करड्या रंगाने मारली. करड्या आणि पांढऱ्याची सीमा खऱ्या माशासारखी वेडीवाकडी केली. मग काळ्यात प्रशियन ब्लूचे दोन थेंब टाकून डोळा भरला, मध्ये काळी बाहुली. लांबून काळाच दिसतो. आई म्हणाली, "एवढा वेळ लावून काळाच केलास की!" खिडकीपाशी नेऊन दाखवला. तिने चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "बिचारा वाटतो रे जरा."

शेजारी उभा करायला पुठ्ठ्याचा एक माणूस कापलाय. १७ सेंटिमीटरचा.