जीपचं पाणी

नवीन जालन्यात पाण्यावरून भांडण झालं नाही असं घर सापडायचं नाही. आमच्याकडे २०१३ च्या उन्हाळ्यात झालेलं भांडण मात्र जीपच्या पाण्यावरून होतं.

दुष्काळाचं वर्ष. घाणेवाडीचं तळं आटलेलं, सगळी गल्ली टँकरची वाट बघत बसलेली. अशा दिवसांत मी लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप दुरुस्त करीत होतो. (बी. कॉम. झालेल्या माणसाला घसारा कळतो, पण तो दुसऱ्याच्या मालमत्तेचा.) हिला माहेरी, सिंदखेडराजाला, न्यायला निघालो. तीसेक किलोमीटरांत जीप चार वेळा उकळली. चौथ्या वेळी हिने पिण्याच्या पाण्याचा कॅन पुढे केला.

"घ्या, पाजा तुमच्या लाडकीला!"

मला बर्था बेंझबाईंची गोष्ट आठवली, पण सांगायचा धीर झाला नाही. १८८८ च्या ऑगस्टात या बाईंनी नवऱ्याला न विचारता त्याची मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे माहेरीच, नेली. शंभरावर किलोमीटर! त्या इंजिनाचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि इंजिन गार राहायचं ते त्यामुळेच. वाटेत पाणी दिसेल तिथे थांबून भरायचं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा घागरीच्या हिशेबाने झाला.

पुढे विल्हेल्म मायबाखने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. ८,०७० बारीक चौकोनी नळ्या. ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरे. आमच्या गल्लीने या माणसाचा सत्कार करायला हवा होता. फोर्डच्या मॉडेल टी ने सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर पाण्याचा पंपच काढून टाकला. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं, मग पंप कशाला? निजामाच्या काळात घाणेवाडीचं पाणी नवीन जालन्यात आणलं तेही पंपाशिवाय, नुसत्या उताराने. दोन्हीकडे अट एकच: मुळात पाणी असलं पाहिजे.

मोठी इंजिनं आली तसा पंप परत आला, आणि थर्मोस्टॅटही. हे म्हणजे बँकेतले पासिंग ऑफिसर. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय पाण्याला रेडिएटरकडे सोडायचं नाही. माझ्या जीपमधला कुणीतरी आधीच काढून फेकला होता. म्हणून थंडीत ती तापायला तयार नसे आणि पेट्रोल पीत बसे. मिस्त्रींनी तो परत बसवला. मग रेडिएटर उघडला. निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा हा प्रसाद. गज घालून त्या साफ केल्या, झाकण अर्ध्या किलो दाबाचं लावलं. तेवढ्या दाबाखाली पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही.

शेवटी ते म्हणाले, "साहेब, हीटर बसवू."

"जालन्यात? मे महिन्यात?"

"हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच की. चढावर काटा वर गेला की चालू करायचा. इंजिनाची गरमी आत येते."

"आत आम्ही असतो."

"तेवढं सोसायचं."

पुढच्या खेपेला काटा वर सरकला. मी हीटर चालू केला. बाहेर ऊन, आत भट्टी. हिच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं. पण काटा खाली आला, आणि जीप कुठेही न थांबता सिंदखेडराजाला पोचली.

सासूबाईंनी दारातच लेकीच्या कपाळाला हात लावला. "अगंबाई, ताप आहे हिला!"

ही काही बोलली नाही. पाण्याचा भरलेला कॅन उतरवून घेतला आणि निम्मा एकटीने पिऊन टाकला.