आराकानातल्या वॉर्डात व्हेरा लिन

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ साली एक जखमी सैनिक मागे पाठवावा लागे, तेव्हा त्याच्यासोबत एकशेवीस आजारी सैनिक मागे जात. हा हिशोब चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल विल्यम स्लिम यांनी आपल्या ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ या पुस्तकात मांडला आहे. नुसत्या मलेरियाचं वार्षिक प्रमाण सैन्याच्या संख्येच्या चौऱ्याऐंशी टक्के होतं. शिवाय हगवण, झुडपातल्या किड्यांमुळे होणारा टायफस आणि पावसात पायांना होणाऱ्या जखमा. पन्नास खाटांमागे पुरती एक परिचारिकासुद्धा नव्हती, असंही स्लिमसाहेब लिहून गेले आहेत. मी लष्करी परिचर्या सेवेत नोकरी केली. त्यामुळे हे आकडे वाचताना लढाईच्या नकाशाआधी माझ्या डोळ्यांपुढे वॉर्ड येतो. पन्नास खाटांचा वॉर्ड, चोवीस तासांची पाळी, आणि ‘सिस्टर, पाणी’ अशी एकाच वेळी पाच बाजूंनी येणारी हाक.

या वॉर्डांमध्ये १९४४ च्या वसंतात एक गायिका आली. तिचं नाव व्हेरा लिन. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण ती ज्या रुग्णालयांत फिरली त्यांत आपली माणसं होती. जखमीही आपली आणि शुश्रूषा करणारीही आपली. म्हणून तिच्या त्या दौऱ्याची हकीकत मराठीत नीट सांगितली जावी असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

लंडनच्या ईस्ट हॅममध्ये १९१७ साली एका प्लंबरच्या घरात ती जन्मली. सातव्या वर्षापासून कामगारांच्या क्लबांमध्ये गात होती. ‘वी’ल मीट अगेन’ हे गाणं तिने १९३९ मध्ये रेकॉर्ड केलं आणि युद्धावर गेलेल्या मुलांनी ते आपलं मानलं. नोव्हेंबर १९४१ पासून बीबीसीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. परदेशी गेलेल्या सैनिकांना घरून आलेलं पत्र वाटावं अशी त्याची मांडणी होती. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना भेटायला ती प्रसूतिगृहांत जाई आणि मग कुठल्यातरी वाळवंटात बसलेल्या नवऱ्याला रेडिओवरून कळे की मुलगा झाला की मुलगी, आणि दोघं सुखरूप आहेत. म्हणजे बर्माला येण्याआधीच खाटेजवळ बसून बोलायची सवय तिला लागलेली होती.

या कार्यक्रमावर टीकाही झाली. असली हळवी गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील, त्यांना मार्चिंगची जोशपूर्ण गाणी ऐकवा, असं म्हणणारे खासदार होते, लष्करी अधिकारीही होते. बीबीसीच्या वरच्या मंडळींनाही तो कार्यक्रम मनातून आवडत नव्हता. लोकांना आवडतो म्हणून चालू द्यावा लागला. ही टीका करणाऱ्यांनी रात्रपाळी केली नसावी. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला जवान मी अनेकदा पाहिला आहे. तो बोलत नाही, जेवत नाही, तापाचा तक्ता मात्र ठीक असतो. त्याला घरची आठवण काढून एकदा मोकळं रडू द्यावं. दुसऱ्या दिवशी तो भाकरी मागतो. रडल्याने तो मऊ झाला, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

ब्रिटिश सैन्यासाठी करमणुकीचे कार्यक्रम पाठवणारी संस्था होती एन्सा. बेसिल डीन यांनी ती युद्धाच्या सुरुवातीला उभी केली होती. सत्ताविशीतल्या व्हेरा लिनने एन्साकडे मागणी केली की जिथे फारसं कुणी जात नाही तिथे मला पाठवा. ती जागा म्हणजे बर्मा. चौदाव्या सैन्याला लोक ‘विसरलेलं सैन्य’ म्हणत, कारण इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत युरोपच्या आणि आफ्रिकेच्या बातम्या छापून झाल्यावर उरलेल्या जागेत बर्माचा नंबर लागे. नवऱ्याला मागे ठेवून, पियानोवादक लेन एडवर्ड्सला सोबत घेऊन ती मार्चमध्ये निघाली. इजिप्तमार्गे हिंदुस्थान, मग कलकत्ता, तिथून चितगाव, आणि पुढे रस्त्याने बर्मातल्या आराकानच्या आघाडीकडे.

त्या वेळी तिथे काय चाललं होतं हे सांगितल्याशिवाय या प्रवासाची किंमत कळणार नाही. फेब्रुवारीत आराकानात सिन्झवेया इथे जपान्यांनी आपल्या सातव्या इंडियन डिव्हिजनच्या प्रशासकीय तळाला वेढा घातला होता. ७ फेब्रुवारीच्या रात्री ते तिथल्या मुख्य ड्रेसिंग स्टेशनात घुसले आणि त्यांनी डॉक्टर, शुश्रूषा करणारे आणि स्ट्रेचरवरचे जखमी यांना ठार मारलं. वैद्यकीय दलात ही बातमी पसरायला किती वेळ लागला असेल? लाल क्रॉसचा भरवसा गेला की तंबूत रात्री दिवा लावतानाही हात अडखळतो. मार्चमध्ये इम्फाळवर चाल आली, एप्रिलमध्ये कोहिमाला वेढा पडला. कोहिमाच्या टेकडीवर लेफ्टनंट कर्नल जॉन यंग यांनी जखमींसाठी खंदक खणून घेतले होते, तरी तिथे झोपवलेल्या जखमींना पुन्हा गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे लागत होते. वेढा फुटल्यावर त्या सगळ्यांना दिमापूरकडे खाली आणलं. हे सगळं सुरू असताना ही बाई लॉरीवर पियानो घालून त्या मुलखात फिरत होती.

पियानो छोटा होता. खड्ड्यांनी आणि उकाड्याने त्याचे सूर उतरले होते. ती खाकी कपड्यांत असे, अर्ध्या चड्डीत, कारण त्या दमट उष्म्यात दुसरं काही अंगावर ठेवणं शक्य नव्हतं. चेहऱ्यावर लावलेलं काही मिनिटभरही टिकत नसे. झोपायला बांबूची झोपडी मिळे, फौजेत आपण तिला बाशा म्हणतो. उघड्यावर हजारो सैनिक जमिनीवर बसलेले आणि ही लॉरीच्या शेजारी उभी राहून गातेय, अशी छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. पुढे बसलेल्यांचे चेहरे पाहावेत. मलेरिया टाळण्यासाठी मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घेऊन त्या मुलांची कातडी पिवळी पडलेली असायची. कृष्णधवल छायाचित्रात तो रंग उमटत नाही, पण मलेरियाच्या वॉर्डात काम केलेल्याला तो न दिसताही दिसतो.

मला त्या मोठ्या मैफलींपेक्षा तिच्या रुग्णालयातल्या फेऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. मैफल झाली की ती वॉर्डात जाई, कधी कधी तर मैफलीआधीच. खाटेच्या काठावर बसे. गाणं मागितलं तर गाई, पण बहुतेकांना आधी बोलायचं असे. लंडनचं काय चाललंय, बॉम्ब अजून पडतात का, रेशनवर काय मिळतं, आमच्या गल्लीकडे गेली होतीस का. ती काही दिवसांपूर्वी तिकडून निघाली होती, आणि हे कित्येक महिने पत्राची वाट पाहत पडलेले. घर इतकंही लांब नाही, याचा पुरावा चालत समोर आला होता. गँगरीन आणि जंतुनाशक यांचा मिसळलेला वास ती पुढे म्हातारपणापर्यंत विसरली नाही. तो वास आम्हा नर्सेसच्या केसांत बसतो, दोनदा धुतले तरी जात नाही. बाहेरून आलेला माणूस त्या वासाला दारातच थबकतो आणि नकळत अर्धं पाऊल मागे घेतो. खाटेवरचा जवान नेमकं तेवढंच बघत असतो. त्या वासात ती बसून राहिली, यालाच मी तिचं सगळ्यात मोठं गाणं म्हणेन.

आणि बसून राहिल्याचा फायदा एकट्या जखमींना होत नाही. वॉर्डात कुणी आनंद घेऊन आलं की तास-दोन तास घंटा वाजत नाही, हाका थांबतात, वेदनेची इंजेक्शनं मागणाऱ्यांची संख्या खाली येते. तेवढ्या वेळात सिस्टर बसून चहा पिते, पायातले बूट सैल करते. १९४४ च्या त्या वॉर्डांमध्ये ब्रिटिश सिस्टर्स होत्या, इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर्स होत्या, आणि युद्धासाठी घाईने तयार केलेल्या ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिसच्या मुलीही होत्या. पन्नास खाटांना एकही न पुरणाऱ्या त्या बायकांना तो मोकळा तास मिळाला असेल, एवढ्याच कारणासाठी मी व्हेरा लिनला हात जोडते.

आता आपल्या माणसांकडे वळते. चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक हिंदी होते. मोठ्या रुग्णालयांत एकाच आवारात ब्रिटिश जखमींचा विभाग वेगळा आणि हिंदी जखमींचा वेगळा असे. एन्साची गाणी मुख्यतः पहिल्या विभागासाठी होती. हिंदी सैनिकांसाठी ‘फौजी दिलखुश सभा’ नावाची वेगळी व्यवस्था सरकारने केली होती. गाणारे, नाचणारे, नकला करणारे यांची पथकं छावण्यांमधून फिरत. कार्यक्रम हिंदुस्थानीत असत, कारण पठाणापासून मद्राशापर्यंत सगळ्यांना थोडीफार समजणारी भाषा तीच होती. या पथकांनी खूप मेहनत घेतली. तरीही सातारा-कोल्हापूरकडच्या, आईच्या ओव्यांवर आणि गावच्या भजनावर वाढलेल्या पोराला आपल्या बोलीतलं गाणं ऐकायला मिळणं हा नशिबाचाच भाग होता.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. ही पलटण मार्च १९४४ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मणिपुरात सांगशाकला लढली. त्या टेकडीवर पाणी नव्हतं, काटेरी तार नव्हती, खडक इतका वर होता की खंदक कमरेइतकेही खोल होईनात. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, तेव्हा हलवता न येणाऱ्या जखमींना मागे ठेवावं लागलं. तात्यांच्या मांडीत तुकडा होता, पण चालता येत होतं, म्हणून ते वाचले. इम्फाळपर्यंत पायी आणि तिथून विमानाने मागे. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. वॉर्डाबद्दल मात्र बोलत. रत्नागिरीकडचा एक नर्सिंग सिपाई होता म्हणे, माळकरी. मांडीतली पट्टी रोज सकाळी बदलायची, जखमेत चिकटलेलं कापड ओलं करून सोडवायचं, आणि भूल नाही. तो सिपाई पट्टीला हात घालण्याआधी तुकोबांचा एखादा अभंग हळू आवाजात धरी आणि तात्यांना म्हणे, ‘दादा, धृपद तुमी म्हना.’ चरण त्याचा, धृपद तात्यांचं. धृपदावर श्वास सोडला की तो पट्टी ओढी. शेजारच्या खाटेवरचा गढवाली, ज्याला एक अक्षर कळत नव्हतं, तोही आठवड्याभरात धृपद म्हणू लागला होता.

मी नर्सिंगला गेले तेव्हा तात्यांनी मला एवढीच एक गोष्ट शिकवली. आणि ती कामाची निघाली. श्वास बाहेर जाताना स्नायू सैल पडतात, लक्ष दुसरीकडे असतं, आणि रोग्याला आपण कशाच्या तरी ताब्यात असल्याऐवजी काहीतरी आपल्या ताब्यात आहे असं वाटतं. माझ्या हाताखालच्या मुलींनाही मी ते शिकवलं.

व्हेरा लिन इंग्लंडला परतली, त्याच सुमारास नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या आणि साहजिकच बर्मा पुन्हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेलं. पण तिने त्या सैनिकांना सोडलं नाही. बर्माच्या जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांना ती पुढची कित्येक दशकं जात राहिली. बर्मा स्टार हे त्या मोहिमेतल्या सैनिकांचं पदक तिला १९८५ साली देण्यात आलं. त्याआधी १९७५ मध्ये तिला ‘डेम’ किताब मिळाला होता. १८ जून २०२० रोजी ती गेली, एकशे तीन वर्षांची होऊन. करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांची दारं भेटायला येणाऱ्यांना बंद होती.

माझ्या नोकरीत कलाकारांच्या भेटी बऱ्याच झाल्या. नामवंत आले, होतकरू आले, शाळेची मुलं राख्या घेऊन आली. सगळ्यांचं मन चांगलं होतं. पण व्यवस्था बहुधा अशी असायची: चादरी बदललेल्या, लॉकरवरचे मग एका रेषेत, दाराजवळच्या चार खाटांशी फोटो, एक पुष्पगुच्छ, आणि मग हॉलमध्ये कार्यक्रम, ज्याला चालता येणारेच जाऊ शकतात. टोकाच्या खाटांवर पाठीच्या कण्याला मार लागलेले, भाजलेले, डीआय लिस्टवरचे म्हणजे जीव धोक्यात असलेले असत. त्यांना लाउडस्पीकरचा आवाज तेवढा ऐकू येई.

वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी क्रम उलटा केला. येणाऱ्या कलाकाराला आधी टोकाच्या खाटेकडे न्यायचं, स्टूल द्यायचं, फोटोवाल्याला दाराबाहेर ठेवायचं. आधी जवानाच्या गावाचं नाव विचारायचं, गाणं त्यानंतर. वास येईल, तो येऊ द्यायचा, रुमाल नाकाला लावायचा नाही, हे मी दारातच सांगत असे. काहींना राग आला. एक वयस्कर कीर्तनकार आले होते, त्यांनी मात्र ऐकून घेतलं, पगडी काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि भाजलेल्या एका बेळगावकडच्या पोरापाशी तासभर बसले. हॉलमधला कार्यक्रम उशिरा सुरू झाला. कमांडंटसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून कारण विचारलं. मी कारण सांगितलं, आणि त्यांनी तोच क्रम सगळ्या वॉर्डांना लागू करायला सांगितला.